एका दिवसापुरते दरीबाहेर काढण्याचा हुकूम मिळण्याबाबत

प्रति,
मा. डॉ. चारुदत्त मिराशी,
निरीक्षणवेळ वाटप अधिकारी,
रेडिओ वेधशाळा, हार्ट्स डोंगर, जर्मनी

विषय : श्रीमती शमिका रिसबूड यांनी मागे घेतलेला अर्ज मागे घेतलेला न समजण्याबाबत, तसेच त्यांच्या सासऱ्यांस दरीबाहेर काढण्याबाबत.

संदर्भ : त्यांचे गेल्या बुधवारचे आपणांस पत्र.

महोदय,

खुर्ची जरा पुढे ओढावी, कॉफी आली असल्यास घ्यावी आणि हे आख्यान शेवटपर्यंत ऐकावे. बुवा पूर्वरंगात सिद्धान्त मांडतात व बुक्का लावून झाला की कथेला हात घालतात. सिद्धान्त आपणच जाणता, म्हणून अर्जदार कथेकडे लवकर वळेल. अर्ज मराठीत आहे, कारण आपण सांगलीचे. आणि जर्मनमध्ये करायचा तर तो शमिकाकडूनच लिहून घ्यावा लागला असता. तिला यातले काही कळता कामा नये.

१. अर्जदार वासुदेव रिसबूड हे शमिकाचे सासरे. मुलगा सत्यजित ब्राउनश्वाइगला मोटारींच्या कामात, शुक्रवारी येतो. एरवी दरीतल्या क्वार्टरमध्ये अर्जदार, सून आणि उन्हाळ्याआधी अर्जदाराच्या छातीत बसवलेला पेसमेकर, एवढीच मंडळी.

२. शमिका एका तापट ताऱ्याच्या मागे आहे. तो मनात येईल तेव्हा भडकतो. वरचा उपग्रह त्याचे क्ष-किरण टिपतो, त्याच वेळी खालची आपली थाळी त्याच्या रेडिओलहरी ऐकते. आधी काय पेटले आणि मागून काय, हे दोन्ही जुळवल्याशिवाय कळत नाही. "बाबा, एकाला नुसते टाळ ऐकू आले नि दुसऱ्याला नुसता मृदंग, तर कीर्तन कोणाला कळलं?" असे तिने विचारले आणि अर्जदाराला खगोलशास्त्र पटले. भर दुपारी, ढगाळ हवेतही थाळी तारा ऐकते याचे मात्र अजून नवल वाटते.

३. जूनमध्ये तारा भडकला. उपग्रहाने स्वच्छ टिपला. थाळीत खरखर. थाळी बाजूच्या रिकाम्या आकाशाकडे वळवून पाहिली, तरी तीच खरखर. म्हणजे ती ताऱ्याची नव्हे, जमिनीवरची. आपल्या माणसांनी अँटेनाची गाडी दरीभर फिरवली ती अर्जदाराच्या दारात येऊन थांबली. शमिका पुढे झाली व म्हणाली, सासऱ्यांचा इलेक्ट्रॉनिक तानपुरा असेल. तानपुरा जप्त झाला. खरखर चालूच राहिली.

४. अर्जदार तेव्हापासून अस्वस्थ आहे. जपाला बसावे तर मणी पुढे सरकतात, मन सरकत नाही. मग एका संध्याकाळी शमिका फोनवर सत्यजितला सांगताना ऐकू आली : "अरे, बाबांच्या उशाशी डबी आहे ना, हृदयाची खबर इस्पितळाला पाठवणारी, तीच. इथे मोबाइलला सिग्नल जेमतेम, म्हणून ती दिवसभर ओरडत असते. त्यांना कळलं तर ते आत्ताच्या आत्ता प्लग काढतील. तानपुऱ्यावर ढकललंय. तानपुऱ्याला काय हृदय आहे?"

५. सुनेने सासऱ्याला बरोबर ओळखले आहे. अर्जदाराने प्लग काढला. डबीवर स्वयंपाकाचा चंदेरी कागद गुंडाळला, ती कुकरमध्ये ठेवली, झाकण लावले, शिट्टीही बसवली. इस्पितळाने फोन करून विचारले, हेर (म्हणजे श्रीयुत) रिसबूड, आपण बरे आहात ना? अर्जदार "जा, गेनाऊ", म्हणजे 'हो, बरोबर', म्हणाला; त्यापलीकडे जर्मन येत नाही. मग त्यांनी शमिकाला फोन केला. तिने येऊन कुकर उघडला, डबी पुसली, प्लग लावून त्यावर चिकटपट्टी मारली. त्या रात्री ती जेवली नाही.

६. दुसऱ्या दिवशी तिने आपणांस पत्र देऊन फेरनिरीक्षणाचा अर्ज मागे घेतला. कारण 'तांत्रिक' लिहिले. महोदय, ते तांत्रिक कारण म्हणजे अर्जदार. उपग्रहवाल्यांनी नोव्हेंबरातला एकच दिवस देऊ केला आहे. तो गेला तर ताऱ्याचा अर्धा वेध तसाच अपुरा राहील, आणि तिच्या तीन वर्षांच्या कामाचा निष्कर्षही.

७. अर्जदाराने तिला विनवले, मी डबीसह हॅनोव्हरला साधनाकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे जातो. तिथे सिग्नल भरपूर आहे, त्या दिवशी कीर्तनही आहे. डॉक्टरांची ना नाही. शमिका म्हणाली, "तुम्ही हौसेनं केव्हाही जा, बाबा. माझ्या ताऱ्यासाठी म्हणून मी तुम्हाला घराबाहेर काढणार नाही."

८. तेव्हा ती काढणार नाही, म्हणून कार्यालयाने काढावे. त्या दिवसापुरता अर्जदार दरीत राहण्यास अपात्र आहे, असा कडक शब्दांतला हुकूम, शिक्क्यासह, क्वार्टरच्या दारावर लावावा. शमिका आपल्याकडे भांडायला येईल. ती जर्मनमध्ये फार चांगली भांडते. आपण ऐकून घ्यावे, पण हुकूम बदलू नये.

९. तारा त्या दिवशी भडकेलच असे कोणी सांगू शकत नाही. तो गप्प राहिला, तरी हुकुमाबद्दल अर्जदाराची तक्रार नाही. पुढे कधी आकाशाचा वेळ वाटायला बसाल, समोर पुष्कळ हुशार मंडळींचे अर्ज असतील, तेव्हा शमिकाची आठवण ठेवावी. हातात आलेला तारा हिने सासऱ्यासाठी एकदा सोडून दिला होता.

आपला नम्र,
वासुदेव रिसबूड
दि. २४ ऑक्टोबर २०१६

सोबत :
१. प्रवासास हरकत नसल्याचे डॉक्टरांचे पत्र
२. साधनाचे आमंत्रण
३. हुकुमाचा कच्चा मसुदा (जर्मन सत्यजितचे आहे, त्याला चार ओळींपुरतेच जमते; फक्त सही हवी)