धुऱ्यावरचे लाल लुगडे

आरमोरी तालुका,
२ ऑगस्ट १९८५

कोळशाच्या सहवासातही ज्यांचे मुखमंडल निष्कलंक राहते, असे माजरीनिवासी कनिष्ठ बंधू देवराव यांस ज्येष्ठ बंधू भैयाजीचा सप्रेम जय भीम. तू, सौ. गुणाबाई व मुले कुशल असावीत. माझा देह पूर्ववत आहे. केवळ गुडघ्यांनी असहकार पुकारला आहे.

तुमची खाण विशाल. आपल्या भाताच्या बांधीलगतच्या टेकडीवरची गिट्टीची खदान देहाने लहान, कंठ मात्र गजराजाचा. सुरुंग उडाला की शेतात पाषाणवृष्टी होते. म्हणून गावाने नूतन दिनचर्या अंगीकारली आहे : प्रातःकाळी बांधीतले दगड वेचावेत, मग चिखल करावा, आणि कुठेही सुरुंगाच्या इशाऱ्याची लाल झेंडी दिसली की निमूट माघारी फिरावे. (दसरूच्या बैलाने गतवर्षी हा नियम मानला नाही. तो बैल आता नाही.)

भाताच्या रोपांचे पऱ्हे रोवणीला आले होते. आणखी आठवडा गेला असता तर तेही माझ्यासारखे वृद्ध व निरुपयोगी झाले असते. खदानीवर गिट्टी फोडणाऱ्या गिरजाबाईने कामावर जाण्यापूर्वी सकाळी रोवणीला बाया आणण्याचे वचन दिले होते. मी तीन दिवस चिखलात स्तंभवत उभा राहिलो. कोणीही फिरकले नाही. चौथ्या दिवशी तिच्या दारी जाऊन मानवी कृतघ्नतेवर मी प्रदीर्घ व्याख्यान दिले. तिने ते तांदूळ निवडत संपूर्ण ऐकले आणि म्हणाली, "भाऊ, तिनई दिवस वळणापावतर येऊन वापस गेलो. तुमच्याच धुऱ्यावर लाल झेंडी. मंग काय मराले याचं?"

ते तुझ्या वहिनीचे लुगडे होते. पऱ्ह्यांवरची पाखरे उडावीत म्हणून जूनमध्ये मी ते बांधावरच्या काठीला नेसवले. पाखरांचे प्रयोजन संपले, तरी राहू दिले. (रिकाम्या घरात भिंतीशी बोलण्यापेक्षा शेतात लुगड्याशी बोलणे अधिक सुसंस्कृत वाटते.) गिरजाबाई हसली नाही. "काढून घ्या, भाऊ," एवढेच म्हणाली, "बाईले जाऊन दोन वर्सं झाले."

काढले. घडी मात्र मला तिच्यासारखी जमली नाही.

तुझा,
भैयाजी

ता. क. : दोन बांध्या अद्याप रोवायच्या आहेत. रविवारी अवश्य ये.

पुनश्च ता. क. : वरील विधान असत्य आहे. बाया काल आल्या, रोवणी पूर्ण झाली. तरी रविवारीच ये. त्या दिवशी खदान बंद असते. सुरुंगापूर्वी मला कोणी 'म्हातारबा, सरका' म्हणूनही ओरडत नाही.