नाडीचा रकाना

आर्वी, गुरुवार

प्रिय धम्मदीप,

अकरा वर्षांनी माझं अक्षर पाहून दचकशील. मी बरी आहे. इथल्या शाळेत खेळ शिकवते. मैदानात अर्धी गिट्टी आहे, पण पोरी धावतात. कोणी सरळ रेषेत सुसाट सुटली की तुझी आठवण येते, आणि मग उरलेला तास माझं लक्ष लागत नाही.

आपलं ते रोजचं भांडण आठवतं? तू आठशे मीटरवाला, मी खो-खोवाली. तू म्हणायचास, "दम पाह्यचा असन तं धावून पाय." मी म्हणायची, "नुसतं सरळ पयाले काय लागते? वळून दाखव." शेवटी जिल्ह्याच्या निवडीनंच निकाल लावायचं ठरवलं. शिष्यवृत्तीची जागा एक, आणि खेळाडू साऱ्या खेळांचे. मुलामुलींना गुण द्यायचे तक्ते वेगळे, पण गुण एकाच यादीत. तीस मीटर धाव, उभी लांब उडी, जड मेडिसिन बॉलची फेक, आणि शेवटी बीपवरची शटल, टप्प्याटप्प्यानं वेग वाढवत दम तुटेपर्यंत दोन रेषांमध्ये ये-जा. तीन चाचण्यांनंतर तू माझ्यापुढे होतास. शटल तर तुझ्याच हातची होती. आठव्या टप्प्यावर तू कमरेवर हात ठेवून बाहेर पडलास. मी अकराव्यापर्यंत धावले आणि जागा माझी झाली.

"खो-खोवालीसमोर दम तुटला ना?" सगळ्यांदेखत मी म्हणाले. तू नुसता हसलास. पुढच्या महिन्यात हिंगणघाटच्या सूतगिरणीत लागलास. मला वाटलं, पोरीकडून हरणं याला सोसलं नाही, म्हणून पळाला. तू दोनदा फोन केलास, मी उचलला नाही.

परवा आपली निवड घेणाऱ्या प्रभाकरराव सरांनी त्यांच्या जुन्या नोंदींचे तक्ते माझ्या शाळेला दिले. म्हणाले, "पोरींच्या आकड्यांशी ताडून पाहजो." त्यात आपलंही पान निघालं. शटल संपल्याबरोबर सर प्रत्येकाचं मनगट धरून नाडी मोजायचे, तो शेवटचा रकाना. त्याला गुण नव्हते, म्हणून तेव्हा कोणी पाहिला नाही. माझी नाडी एकशे अठ्ठ्याऐंशी. तुझी एकशे छत्तीस.

धम्मदीप, आता मी रोज पोरींच्या नाड्या मोजते. एकशे छत्तीसला कोणी दमत नाही. तू तर नाहीच.

जागा मिळाली नाही तर घरचे माझं शिक्षण बंद करणार होते. हे मी फक्त तुला सांगितलं होतं.

आभार मानायला लिहीत नाही. मला न विचारता तू ठरवलंस याचा राग येतो, आणि तुला भित्रा समजून मी इतकी वर्षं काढली याचा त्याहून जास्त. रविवारच्या पहिल्या एसटीनं सिंदी मेघेला येते. घरीच राहजो. मले तुझ्यासंग भांडायचं आहे. अन् भांडून झाल्यावर परत जायची घाई नाई.

तुझीच,
मेघा