एक कन्व्हर्टर, दोन आउटपुट आणि मी एकटा शहाणा

सोमवार, ३ मार्च
पुढच्या सोमवारी डेमो. साहेब म्हणाले, ज्याचा कंट्रोलर गाडीवर चालेल तो टीम लीड. म्हणजे मी. विषय संपला.

बॅटरीची वीज वाटून देणारा कन्व्हर्टर एकच, आउटपुट दोन: एक मोटरला, एक दिव्यांना. कंट्रोलरनं दोन्हींचं व्होल्टेज स्थिर ठेवायचं. मी दोन्हींची मॉडेलं वेगवेगळी केली. स्क्रीनवर दोन्ही रेषा सरळसोट. स्वच्छ काम.

पलीकडच्या टेबलावरची चष्मा म्हणाली, एकावर लोड आला की दुसऱ्याचं व्होल्टेज हलतं, बेंचवर लावून बघ. बेंचवर! म्हणजे लॅबमधल्या त्या चाचणीच्या टेबलावर. तिथे जळक्या वार्निशचा वास. शी!

मंगळवार, ४ मार्च
ठरलं. उद्या बेंच. नाकाला रुमाल बांधून.

बुधवार, ५ मार्च
दारातूनच परत. सोल्डरिंगच्या ओल्या स्पंजला कुणीतरी कॉफीचा चमचा पुसला होता. माणसं आहेत की कोण? बसून मॉडेलच्या रेषांचे रंग बदलले.

शनिवार, ८ मार्च
बायकोनं विचारलं, लॅबमध्ये जाणार होतास ना? म्हटलं, गरज नाही, मॉडेल परिपूर्ण आहे. ती म्हणाली, तुझं सगळं कागदावर परिपूर्णच असतं. फार क्वचित कौतुक करते बिचारी.

सोमवार, १० मार्च. सकाळ
इस्त्रीचा शर्ट. आभाराची चार वाक्यं तोंडपाठ. आरशासमोर नम्र चेहरा जमेना.

दुपार
साहेबांनी पॅडल दाबलं. मोटरवर लोड आला. माझा कंट्रोलर डोळ्यांत तेल घालून मोटर सांभाळत होता, दिव्यांचं आपोआप जमणार होतं. दिव्यांचं व्होल्टेज चढतच गेलं. आधी लख्ख उजेड पडला, मग एकेक दिवा फटाफट फुटला. साहेबांच्या कोटावर काचा. मग गाडीच बंद. दिवे भिकार! खरेदीवाल्यांना काडीची अक्कल नाही.

त्याच गाडीवर नवे दिवे लावून चष्मानं तिचा कंट्रोलर जोडला. दोन्ही आउटपुट तिनं एकाच मॉडेलमध्ये धरली होती. आठवडाभर बेंचवर बसली होती म्हणे. त्या घाणीत! दिव्यांचा उजेड जरासुद्धा हलला नाही. योगायोग.

संध्याकाळ
चष्मा लीड.

साहेबांना सांगितलं, माझं मॉडेल अजूनही बरोबर आहे, जबाबदारीचं काहीतरी द्या. ते म्हणाले, बेंच पुसून घे, उद्यापासून तू तिथेच बसायचं.

पुसला. नखांत काळं गेलं. तीनदा हात धुतले तरी वास जाईना. रडूच आलं. इतकी किळस जन्मात कधी आली नव्हती. बेंचची, असं लिहून ठेवतो.