तुम्हाला अरबी येत होतं

अप्पा,

आज ११ फेब्रुवारी २००३, मंगळवार. सकाळी मुलाचा कान ठणकत होता म्हणून त्याला शाळेत पाठवलं नाही. अर्जंट केअरमध्ये घेऊन गेले. डॉक्टरांनी कान बघितला, औषध लिहून दिलं. येताना फार्मसीतून ते घेतलं. घरी येऊन त्याला वरणभात भरवला, पहिला डोस दिला. आता तो झोपलाय. हे ऑफिसमध्ये आहेत.

एवढंच झालं असतं तर मी लिहायला बसले नसते. तुम्ही होतात तेव्हाही मी तुम्हाला कधी पत्र लिहिलं नाही. पुण्याच्या हॉस्टेलवरून लिहायचे ते आईला, आणि शेवटी 'अप्पांना नमस्कार' एवढंच. आज तुम्हालाच लिहायचंय, कारण मला तुमचा राग आलाय. राग जुनाच आहे, पण आज तो वर आला आणि खाली बसत नाहीये.

इथे अमेरिकेत आम्ही जातो त्या अर्जंट केअरमध्ये वेगळ्या खोल्या नाहीत. एका मोठ्या हॉलमध्ये खाटा आहेत आणि मध्ये पडदे. आमच्या शेजारच्या पडद्यामागे एक बाई होती, तिचं लहान मूल किरकिरत होतं. नर्स तिला इंग्रजीत विचारत होती, हे औषध मुलाला आधी कधी दिलं होतं का, त्याने काही त्रास झाला होता का. बाई प्रत्येक प्रश्नाला "यस, ओके" म्हणत होती. नर्स म्हणाली, इंटरप्रिटरला फोन लावलाय, अजून होल्डवर आहे. मग तिने तेच प्रश्न पुन्हा विचारले, जरा मोठ्याने, बहिऱ्याशी बोलावं तसे. "यस, ओके." नर्स औषध आणायला वळली तशी ती बाई सोबतच्या म्हातारीला म्हणाली की मागच्या वेळी त्या गुलाबी औषधाने याचे ओठ सुजले होते, श्वास लागला होता, आता या लोकांना ते कसं सांगू. अप्पा, हे ती अरबीत म्हणाली.

मला शब्दन् शब्द कळला, आणि मी माझ्या मुलाच्या जॅकेटची झिप लावत बसले. झिप लागलेली होती. तरी मी ती खाली करून पुन्हा लावली. तेवढ्यात मला तुम्ही आठवलात. "गप्प बस. तुला काही येत नाही."

तुम्हाला किती भाषा येत होत्या! मस्कतमधल्या मत्राच्या त्या इमारतीत तळमजल्यावर कच्छी कापडवाले, मधल्या मजल्यावर मलबारी नर्सेस, आपल्या समोर झांझिबारहून परत आलेली ओमानी म्हातारी. तिला सगळे बीबी म्हणायचे. ती घरात स्वाहिली बोलायची आणि दारात आलेल्याशी अरबी. मागे तुमच्या कंपनीचं गोदाम, तिथे बलुची पहारेकरी. तुम्ही सकाळी जिना उतरताना मजल्यामजल्यावर भाषा बदलायचात आणि प्रत्येक दारातून कोणीतरी हसायचं. मला त्याचा केवढा अभिमान होता. शुक्रवारी तुम्ही बाजारातून मासे आणायचात. ओट्याशी उभे राहून सुरमई कापता कापता मला विचारायचात. अरबीत? कनद. मलबारीत? नेय्मीन. बीबी काय म्हणते? न्गुरू. चुकले तर ताटात शेपटीकडचा तुकडा यायचा. आई म्हणायची, "पोरीला जेवायला घालताय का परीक्षा घेताय?" तुम्ही माझ्याशी बोललात ते तेवढंच. बाकी वेळ तुम्ही कामावर असायचात नाहीतर पेपर वाचत. अरबी मी तुमच्याकडून शिकले आणि बीबीच्या दारात बसून पक्कं केलं. दहावीत होते तेव्हा मला ते तुमच्याइतकंच यायचं.

त्याच वर्षीची गोष्ट. मला रोज कंपनीच्या पिकअपमधून शाळेत सोडणारा ड्रायव्हर, केरळचा. मी त्याला चेट्टन म्हणायचे, मोठा भाऊ. तो मला मोळे म्हणायचा, म्हणजे मुली. त्या दुपारी मी तुमचा डबा घेऊन गोदामात आले होते. आपण दोघं दारात उभे होतो. समोर अरबाबचा, म्हणजे कंपनीच्या मालकाचा, पुतण्या गाडी रिव्हर्समध्ये घेत होता. त्याने मागे न बघता एका हमालाला धडक दिली. हमालाचा पाय मोडला. तुम्ही बघितलं. मी बघितलं. पोलीस आले तेव्हा पुतण्या म्हणाला, पिकअपने धडक दिली. चेट्टनची पिकअप तिथेच उभी होती, इंजिन बंद, तो आत बसून पोळीचा तुकडा खात होता. त्याला अरबी यायचं ते तिथल्या सगळ्या कामगारांचं, मोडकं. तेवढ्यावर तो काय सांगणार? त्याने तुमच्याकडे बघितलं.

"साब, आप बोलो ना. आपको तो सब आता है."

पोलिसाने तुम्हाला विचारलं. तुम्ही, जे बीबीशी तासन् तास अस्खलित बोलायचात, ते म्हणालात, "अना माफी मालूम." मला माहीत नाही. तेसुद्धा मोडक्या कामगारी अरबीत, मुद्दाम. जणू काल विमानातून उतरलात. मी तोंड उघडलं. चांगल्या अरबीत एक वाक्य निम्मं बोलले होते. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि मराठीत म्हणालात, "गप्प बस. तुला काही येत नाही." आणि पोलिसाकडे बघून हसलात. लहान आहे, शाळेतलं पाठ केलेलं बोलते, असं काहीतरी हातवारे करून दाखवलंत.

चेट्टनला काही दिवस कोठडीत ठेवून केरळला परत पाठवलं. त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं होतं त्या वर्षी. रात्री जेवताना तुम्ही आईला म्हणालात, "आपण इथे नोकरीला आलोय. ज्याला भाषा कळते त्यालाच साक्षीला पुढे करतात. उद्या आपल्याला काढलं तर हिची दहावी कुठे करायची?"

माझी दहावी. तुम्ही ते माझ्या नावावर टाकलंत, अप्पा. पुढच्या शुक्रवारी पुन्हा मासे बाजारात गेलात आणि कोळ्याशी अरबीत मोठमोठ्याने हसून घासाघीस केलीत. मी सोबत होते. घरी येऊन विचारलंत, अरबीत? मी म्हटलं, मला काही येत नाही. तुम्ही कापत राहिलात. पुन्हा कधी विचारलं नाहीत. मला वाटलं होतं, निदान एकदा रागवाल.

आज मी पडदा सरकवला. त्या बाईला विचारलं, नर्सला सांगितलं, दुसऱ्या औषधावर त्यांचं काम भागलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. बाई इराकची होती. तिने विचारलं, तू कुठली? भारतातली म्हटल्यावर म्हातारी हसून म्हणाली, "आणि बोलतेस समुद्रावरच्या लोकांसारखी!" तिने माझे दोन्ही गाल धरले. नर्स म्हणाली, "वॉव, तुम्ही हे कुठे शिकलात?" पलीकडच्या खाटेवरचा माणूस वळून माझ्याकडे बघायला लागला. त्याने नजर काढली नाही. मी निघाले.

दुपारी ह्यांचा फोन आला तेव्हा मी सांगितलं. ह्यांनी आवाज खाली केला. शेजारी कोणी असावं.

"अगं, तुला काय गरज होती? टीव्हीवर बघतेस ना रोज, इराकवरून काय चाललंय?"

"त्या पोराला रिअ‍ॅक्शन आली असती."

"त्यांच्याकडे इंटरप्रिटर असतो."

"होल्डवर होता."

"हे बघ, मी काय वाईट माणूस आहे का? पण आपली ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे यार. उद्या कोणी विचारलं, अरबी कसं येतं, कुठे राहत होतात, कोणाला ओळखता, तर? एकदा होऊ दे. मग कर काय समाजसेवा करायची ती."

ते तुम्हाला कधी भेटले नाहीत. तुम्ही गेल्यावर माझं लग्न झालं. तरी मला फोनवर तुम्हीच बोलताय असं वाटलं. मी फोन ठेवला आणि हे लिहायला घेतलं. मला एवढंच लिहायचं होतं की तुम्ही चुकलात. भीती होती, मान्य. भीती सगळ्यांनाच होती, तळमजल्यापासून गच्चीपर्यंत. पण तुम्हाला येत होतं. ज्याला येत नव्हतं त्याने तुमच्याकडे बघितलं होतं. तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर कदाचित आपल्याला परत पाठवलं असतं. मग मी दहावी आपल्या गावी, सांगलीला केली असती. काय बिघडलं असतं?

हे इथवर लिहून थांबणार होते. पण एक राहिलंय.

येताना गाडीत मुलगा मागच्या सीटवरून म्हणाला, "मॉम, व्हॉट लँग्वेज वॉज दॅट?" मी सांगितलं. तो कानाचं दुखणं विसरला. "सो कूल! मी टीचरला सांगू?" मी म्हटलं, नको. "शाळेत कोणालाच नाही सांगायचं." आरशात त्याचा चेहरा दिसत होता. "इज इट अ सीक्रेट?" मी म्हटलं, हो. आणि मग तो आणखी काही विचारेल म्हणून मी म्हटलं, मला तसं काही फारसं येतही नाही.

तो उठल्यावर याबद्दल बोलेन की नाही, मला माहीत नाही. ह्यांना मी हे सांगितलेलं नाही.

वॉशरमधले कपडे सकाळपासून ओले पडून होते. मध्येच उठून बेसमेंटमध्ये गेले, ते ड्रायरमध्ये टाकले, बटण दाबलं आणि ड्रम फिरायला लागेपर्यंत तिथेच उभी राहिले.