एक्केचाळीस नंबरचा ट्रे

७ ऑक्टोबर, सोमवार
काल काय झालं, क्रमाने:
१. दुपारी चौदा टेबलांवर पोर्क आणि भाजलेले बटाटे गेले. बटाटे माझ्या ओव्हनमधले, माझ्या प्रोग्रॅमवर. आवृत्ती ६.
२. नऊ प्लेटा परत आल्या. पोर्क संपलं होतं, बटाटे तसेच.
३. सहा नंबरच्या टेबलावर आई होती. छान झालेत गं, म्हणाली, आणि पाव मागितला.
४. रोडरिकने नऊही प्लेटांमधले बटाटे स्वतः कचऱ्यात टाकले.
निष्कर्ष: बटाट्यांत पाणी जास्त. चूक शेतकऱ्याची.

रोडरिक शाळेत माझ्या वर्गात होता, आता शेफ आहे; रेस्टॉरंट त्याचं, ओव्हनचं शास्त्र माझं. आपल्या गोझो बेटाचंच घरगुती जेवण, पण पांढऱ्या टेबलक्लॉथवर, ही त्याची कल्पना. त्याने शब्द दिलाय: या महिन्यात रेस्टॉरंटांना तारे देणाऱ्या गाइडचे परीक्षक येणार. त्यांना बटाटे आवडले, तर जानेवारीत तो राजधानीत, व्हॅलेटाला, जे दुसरं रेस्टॉरंट उघडतोय त्याचं किचन माझं. शब्द तोंडी आहे. पण रोडरिकचा आहे.

१० ऑक्टोबर, गुरुवार
चेन्सूकाकांच्या बेकरीत गेले. रविवारी चर्चमधल्या मिस्सेच्या आधी अख्खं गाव बटाट्यांचे ट्रे त्यांच्या भट्टीत ठेवून जातं. प्रत्येक ट्रेला पत्र्याचा बिल्ला, बिल्ल्यावर नंबर. थर्मामीटर नाही. काका भट्टीत हात घालून ‘नमो मरिया’ ही प्रार्थना म्हणतात. पूर्ण म्हणून झाली तर भट्टी तयार. मी पाच वेळा मोजलं. अकरा ते एकोणीस सेकंद. काकूंशी भांडण झालं असेल तर अकरा.
माझा सेन्सर पाहून काका म्हणाले, पोरी, भट्टीला ताप आहे हे मला ठाऊक आहे, काखेत काय लावतेस? पावासाठी थांबलेल्या बायका हसल्या. मी चार ठिकाणचं तापमान नोंदवून घेतलं. यापुढे काकांची गरज नाही.

१३ ऑक्टोबर, रविवार
आवृत्ती ७. परत आलेले बटाटे: शून्य.
रोडरिक म्हणाला होता, आजपासून रविवारी सकाळी किचनमध्ये येऊच नकोस. परीक्षक आले तर शास्त्र समजावायला तू बाहेर हवीस, इस्त्रीच्या शर्टात. योग्य निर्णय. हे त्याला आधीच सुचायला हवं होतं.

१४ ऑक्टोबर, सोमवार
ओव्हनच्या नोंदीप्रमाणे काल तापमान पासष्ट अंशांच्या वर गेलंच नाही. पासष्टला बटाटे भाजत नाहीत. म्हणजे नोंद चुकीची. ओव्हनच्या कंपनीला कडक मेल पाठवला.

२० ऑक्टोबर, रविवार
पुन्हा शून्य. ट्रेंच्या बुडाला राख दिसली. ओव्हन विजेचा आहे. बहुधा चरबी जळते. वाफ चार टक्क्यांनी कमी करायची.
आई हल्ली बेकरीत एकाऐवजी सात ट्रे नेते, शेजाऱ्यांच्या व्हॅनमधून. भूक वाढलीय म्हणाली. घरात आम्ही दोघीच. तिची शुगर तपासून घ्यायला हवी.

२४ ऑक्टोबर, गुरुवार
कंपनीचं उत्तर: नोंद बरोबर आहे, त्या दिवशी ओव्हनमध्ये काहीही भाजलेलं नाही. कंपन्या स्वतःची चूक कधी कबूल करतात?

२७ ऑक्टोबर, रविवार
परीक्षक आल्या. करडा कोट, एकट्याच. बटाटे संपवले, मग ट्रेचा कोपराही पावाने पुसून खाल्ला. मी आलेख दाखवत बारा मिनिटं बोलले. त्या म्हणाल्या, ते ठीक आहे, पण या ट्रेला पत्र्याचा बिल्ला कशाला? बिल्ल्यावर एक्केचाळीस होतं. रोडरिक म्हणाला, सजावट आहे. मीही म्हणाले, सजावट आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार
बेकरीत विचारलं, एक्केचाळीस नंबर कुणाचा? बायका पाव न घेताच बाहेर पडल्या. असं त्या बेकरीत मी आजवर पाहिलेलं नाही. शेवटी काका म्हणाले, अगं, तुझ्या आईचाच. चाळीस ते पंचेचाळीस, सगळे रोडरिकच्या हॉटेलचे. गावाला ठाऊक आहे. फादरनासुद्धा; ट्रे वेळेत पोचावेत म्हणून ते मिस्सा दहा मिनिटं आधी आटपतात.
आई म्हणाली, सांगणारच होते गं. पण तू इतकी खूश होतीस. कितीतरी दिवसांनी जेवताना बोलत होतीस.
रोडरिक म्हणाला, तुझा ओव्हन काही वाया गेला नाही, बेकरीतून आणले की त्यातच गरम ठेवतो. पासष्ट अंशांवर.
कंपनीला माफीचा मेल पाठवला. मला खरं सांगणारे तेवढेच निघाले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
गाइडने कळवलं: बटाटे उत्कृष्ट. म्हणजे अट पूर्ण झाली. बटाटे कुणी भाजायचे, हे अटीत नव्हतं. तेवढंच सांगायला रोडरिककडे गेले. तो म्हणाला, रितिएन, व्हॅलेटाला मी लाकडाची भट्टी बांधतोय. किचन तुझ्या आईला देऊ केलंय, ती विचार करतेय. बोलली नाही का तुला?
सोमवारपासून मी आईशी बोलत नाही, हे कारण असू शकेल.
फ्रिजवर चिठ्ठी लावली. तिची प्रत:

आई,
तू व्हॅलेटाला जाणार आहेस का? नसशील, तर ती जागा मी मागणार आहे, भट्टी लाकडाची असली तरी. जाणार असशील, तर तिथे बटाटे कापायला तुला माणूस लागेल का, हेही लिही. शनिवार, २ नोव्हेंबरपर्यंत उत्तर दे.
रितिएन