स्क्रूच्या आतली खूण

प्रिय फाउस्तोदादा,

आजोबांच्या लष्करी बंदुकीचे तीन स्क्रू, काडतुसांच्या पेटीतली, काडतूस वर ढकलणारी कमान आणि दस्त्याला जोडलेला अक्रोडाचा वीतभर तुकडा, एवढं मी माझ्या हातांनी केलं. बाकी सगळं जुनंच. मुळात एका वेळी एकच काडतूस घेणारी ती बंदूक. चार काडतुसांची पेटी तिला पुढे लष्कराच्याच कारखान्यात बसवली. बंदुका घडवणाऱ्यांच्या गार्दोने गावात मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, म्हणून केलेल्या प्रत्येक भागाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला माझ्या नावाचा 'ओ' ठोकतो. पुढच्या माणसाची फसगत नको.

तू फोनवर म्हणालास, "ओत्तोरिनो, त्या खुणा घासून टाक. एकही भाग बदललेला नाही, असं मी बंदूक विकत घेणाऱ्या डॉक्टरांना सांगून बसलोय." मी एक खूण घासलीही. तुला खोटं पाडणं जिवावर आलं होतं. पण दुसरा स्क्रू हातात घेतला आणि कानस चालेना.

आज तुझे ते जुन्या बंदुका जमवणारे डॉक्टर सोआर्दी आले. कॉफी निवण्याआधीच मी बंदूक खोलून सगळं दाखवलं. ते चिडले नाहीत, हसले.

"अहो मास्तर, फाउस्तोने थाप मारली हे मला तेव्हाच कळलं होतं! घासा की उरलेल्या खुणा. मलाही ती पुढे विकायचीच आहे."

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. सौदा फिसकटला, एवढंच तुला कळेल. खुणा घासून 'सगळं मूळचं' असं लिहून दिलं, तर ते आठ हजार युरो देत होते. मी नको म्हणालो.

तुझा धाकटा,
ओत्तोरिनो