पाहुण्यांचा दिवस

दिनांक ११ नोव्हेंबर

ती. ताईस,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार.

इकडे सर्व ठीक आहे. तुझ्या भावजयीचा गुडघा आता जिना चढू देतो, पण उतरू देत नाही, असे तिचे म्हणणे आहे. त्यामुळे ती एकदा वर गेली की बराच वेळ वरच असते आणि घरात शांतता नांदते. (हे वाक्य फोनवर बोलू नयेस.) तुझ्या शिवणवर्गाला नव्या मुली आल्या का? तुझ्या दादूचे इस्त्रीच्या दुकानातले काम कसे चालले आहे?

मुख्य बातमी अशी की माझा परीक्षेचा पाठ पार पडला आणि मला ‘अ’ श्रेणी मिळाली. तू हसशील. ज्या वयात लोक नातवाला शाळेत सोडायला जातात, त्या वयात तुझा भाऊ हातात पाठाचे टाचण घेऊन, निरीक्षकांसमोर, घामाघूम होऊन उभा होता. अध्यापक महाविद्यालयात माझ्या गटातल्या मुली मला ‘काका’ म्हणतात. प्राचार्यही चुकून एकदा म्हणाले.

पाठाचा विषय सरासरी हा होता. आदल्या दिवशी प्रत्येक मुलाला भिंतीशी उभे करून उंची मोजली होती, आणि त्या आकड्यांवरून वर्गाची सरासरी उंची मुलांनीच काढली. प्रश्न विचारावा आणि उत्तर यावे, कुठेही खंड नाही. घंटा व्हायला आणि माझे शेवटचे वाक्य संपायला एकच गाठ पडली. निरीक्षक म्हणाले, “तीस वर्षं ऑफिसात काढलीत, पण जन्म मास्तरकीसाठीच झालेला दिसतोय.” मुख्याध्यापक बाईंनी तर तिथल्या तिथे सांगून टाकले की नव्या वर्षी गणिताची जागा रिकामी होते आहे, अर्ज करून ठेवा. ताई, दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका शोधण्यात ज्याची हयात गेली, त्याला चौपन्नाव्या वर्षी कुणी ‘या’ म्हणाले, याचे अप्रूप मी तुझ्यापासून कशाला लपवू?

सोबत माझ्या निबंधाची प्रत जोडली आहे. ‘माझी शैक्षणिक भूमिका’ असा निबंध प्रत्येक भावी शिक्षकाला लिहावा लागतो. बहुतेक जण जुन्यांचे उतरवून काढतात. मी सात वेळा खोडून लिहिला. त्यातले मुख्य वाक्य असे: “वर्ग हा त्यातील सर्वांत संथ विद्यार्थ्याच्या चालीने चालला पाहिजे, जो त्याला मागे ठेवून पुढे गेला, तो शिक्षक पोहोचला असे म्हणता येत नाही.”

दुसऱ्या पानावर दादूची हकिगत आहे. नाव कुठेही दिलेले नाही. त्याच्या शाळेत तपासणी होती त्या दिवशी बाईंनी त्याला “आज तू घरीच थांब हं, राजा” असे सांगितले होते. मग प्रत्येक तपासणीला तो आपण होऊन घरी थांबू लागला. आणि पुढे तपासणी नसतानाही थांबला तो कायमचाच. एवढेच लिहिले आहे. आमच्या मार्गदर्शक बाईंनी तो भाग साऱ्या वर्गासमोर वाचून दाखवला. एकदोघींनी डोळे पुसले.

मागच्या पत्रात जिच्याविषयी लिहिले होते, ती मुलगी मजेत आहे. तीच, जी कोणत्याही प्रश्नावर “थांबा, सांगते” म्हणून छताकडे बघत बसते आणि वर्ग तिला ‘थांबा-सांगते’ म्हणूनच हाक मारतो.

निबंध कसा वाटला ते कळव. तू शिंप्याच्या नजरेने वाचतेस, उसवलेला टाका तुला आधी दिसतो.

तुझा भाऊ

* * *

दिनांक २३ नोव्हेंबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझे पत्र मिळून आठवडा झाला. एवढ्या आखूड पत्राला एवढा उशीर लागायला नको होता.

तू लिहितेस: “निबंध वाचला. भाषा तुझी नेहमीचीच, कडक इस्त्रीची. दादूचं लिहिण्याआधी त्याला नाही तर निदान मला तरी विचारायचं होतंस. असो, लिहिलंस. दादू म्हणतो, मामा शाळेत जाणार तर त्याचा डबा कोण भरणार? बाकी सगळं लिहिलंस, पण परीक्षेच्या पाठात त्या ‘थांबा-सांगते’नं काय उत्तर दिलं ते लिहिलं नाहीस. कुठंही खंड पडला नाही म्हणतोस, मग ती बोलली कधी?”

चष्म्याचा नंबर वाढला आहे. नवीन चष्म्याने पायऱ्या जवळ दिसतात, त्यामुळे जिन्याबाबत आता आम्हा नवराबायकोचे एकमत आहे. तुझी भावजय तुझी आठवण काढते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर मी पहिल्या परिच्छेदात द्यायला हवे होते. हा चौथा आहे.

ती बोलली नाही, कारण ती वर्गात नव्हती. आणि ती नव्हती, कारण मी तिला बाहेर पाठवले होते.

आमच्याकडे एक रीत आहे. कुठल्या पुस्तकात ती सापडणार नाही, पण छात्राध्यापकांच्या एका तुकडीकडून दुसरीकडे ती बिनबोभाट चालत आलेली आहे. तिला ‘वर्ग लावून घेणे’ म्हणतात. परीक्षेच्या पाठाला निरीक्षक येतात, मुले त्याला ‘पाहुण्यांचा दिवस’ म्हणतात. त्या दिवशी अडखळणाऱ्या मुलांना काहीतरी काम काढून बाहेर धाडायचे. आदल्या दिवशी माझ्या गटातली एक मुलगी, वयाने माझ्या लेकीहून लहान, मला समजावत होती.

“काका, तुमच्या त्या छताकडे बघणारीचं काय करणार?”

“काय करायचं? बसेल की वर्गात.”

“बसेल आणि तुमची पाच मिनिटं खाईल. अहो, शाळेच्या बागेला पाणी लागतंच की! कुणीतरी घालायलाच हवं ना?”

“हे बरोबर नाही,” मी म्हणालो.

“बरोबर कोण म्हणतंय? सगळे करतात एवढंच म्हणतेय.”

मी तिला चार गोष्टी सुनावल्या, निबंधातले वाक्यही ऐकवले. आणि दुसऱ्या दिवशी, निरीक्षकांची गाडी फाटकातून आत येताना दिसली तेव्हा, मी त्या मुलीजवळ गेलो आणि म्हणालो, “नकाशांच्या खोलीत सगळ्या नकाशांवर धूळ साचली आहे. झटकून, गुंडाळून ठेवशील? हे काम नीट करणारं कुणीतरी हवं.”

ताई, तिचा चेहरा फुलला. तिला आजवर कुणी कशासाठी निवडलेलेच नव्हते. बागेपेक्षा मी अधिक सभ्य सबब शोधली होती, इतकेच काय ते माझे वेगळेपण.

पाठ संपला, पाहुणे चहाला गेले. मी फळा पुसणार तोच ती आली, केसांवर धूळ, हातात फडके. फळ्यावर वर्गाची सरासरी उंची अजून तशीच होती. ती बराच वेळ तिकडे बघत राहिली. मग म्हणाली, “सर, यात मी आहे का?”

ती नव्हती. ज्यांनी आकडे सांगितले त्यांचीच बेरीज झाली होती, आणि हजर असलेल्यांनीच भागले होते. गणित अचूक होते. मी म्हणालो, “उद्या तुला धरू हं,” आणि फळा पुसला. तो उद्या अजून उजाडला नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी कदाचित मी तुला लिहिले नसते. मनाची समजूत घालण्याच्या कलेत मी कच्चा नाही. परंतु गेल्या सोमवारी त्याच वर्गावर दुसऱ्या एकाचा परीक्षेचा पाठ होता. मी व्हरांड्यात उभा होतो. पाहुणे यायच्या आधीच ती मुलगी बाकावरून उठली, खिडकीतले फडके घेतले आणि कुणीही न सांगता नकाशांच्या खोलीकडे निघाली. माझ्याजवळून जाताना हसली आणि म्हणाली, “सर, आज पाहुणे आहेत ना.”

मला तिच्या जागी कोण दिसले हे तुला सांगायला नको. त्या शाळेतल्या बाईंना मी गेली वीस-बावीस वर्षे नावे ठेवत आलो. त्या निदान ‘राजा’ तरी म्हणाल्या होत्या.

रागाव, पण पत्र पाठव.

तुझा भाऊ

* * *

दिनांक १४ डिसेंबर

ती. ताईस,

नमस्कार. तुझी प्रकृती बरी असेल असे धरून चालतो, कारण रागात तुझे अक्षर ठणठणीत येते.

“हे मला कशाला सांगतोस? मी काय तुझी निरीक्षक? जिला सांगायचं तिला सांगितलंस का?” एवढ्याच तीन ओळी, खाली सहीसुद्धा नाही. मी त्या पाकिटात परत घातल्या आणि त्याच दिवशी महाविद्यालयात गेलो.

मार्गदर्शक बाईंनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “वर्ग सगळेच लावून घेतात हो. तुम्ही एकटे प्रामाणिक निघालात म्हणून बाकीच्यांनी लबाड ठरायचं का?” त्यांचा प्रश्न अगदीच गैर नव्हता. मी म्हणालो, इतरांचे मी काहीच सांगत नाही, फक्त माझ्या पाठाला जी श्रेणी मिळाली ती लावून घेतलेल्या वर्गाची आहे, माझी नाही. ती काढून घ्यावी. बरीच चर्चा झाली. अखेर पाठ रद्द झाला आहे. पुन्हा परीक्षा पुढच्या वर्षी. गणिताची जागा आता त्या बागेचा सल्ला देणाऱ्या मुलीला मिळेल. ती रडवेली होऊन आली होती. “काका, तुमचं खाल्ल्यासारखं वाटतंय हो.” मी म्हणालो, “माझं नव्हतंच ते. तू घे, आणि बागेला सुट्टीच्या दिवशी पाणी घाल.”

निबंधही मी परत मागून घेतला. दुसरे पान काढून टाकले, तर उरलेल्या पानांत मला काही सापडेना.

हे सर्व सोपे होते. मधल्या सुट्टीत त्या मुलीसमोर जाऊन बसणे कठीण होते.

मी तिला सांगितले की त्या दिवशी नकाशे झटकायला पाठवले ते खरे कारण नव्हते.

ती म्हणाली, “म्हणजे धूळ नव्हती?”

“धूळ होती. पण तू वर्गात नको होतीस म्हणून पाठवलं.”

“का?”

“तू उत्तराला वेळ घेतेस आणि मला घाई होती. चूक माझी होती, तुझी नाही.”

ती छताकडे बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मी घड्याळाकडे न बघता बसलो होतो. मग तिने विचारले, “मी कुठं गेले असं कुणी विचारलं?”

“नाही.”

“पाहुण्यांनीपण?”

“तू आहेस हे त्यांना माहीतच नव्हतं.”

तिने मान हलवली, जणू तिचा अंदाज बरोबर निघाला. रागावली नाही. रागावली असती तर मला हायसे वाटले असते.

त्यानंतर वर्गशिक्षकांच्या परवानगीने मी एक तास मागून घेतला. तिला पुन्हा भिंतीशी उभे केले, उंची मोजली, सरासरी पुन्हा काढली. ती केसभर खाली आली, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडले, “हिच्यामुळं आपण बुटके झालो!” सगळे हसले, तीही हसली. ऑफिसात चुकीच्या नोंदीखाली दुरुस्तीची नोंद केली की प्रकरण मिटत असे. मला वाटले, मिटले.

काल पुन्हा पाहुण्यांचा दिवस होता. मी मुद्दाम लवकर जाऊन नकाशांच्या खोलीच्या दारात उभा राहिलो. ती आलीच, फडके घेऊन.

मी म्हणालो, “वर्गात जा. आज कुणीही तुला बाहेर पाठवणार नाही, मी बोललो आहे सरांशी.”

“माहितीये,” ती म्हणाली. “त्यांनी पण सांगितलं, बस म्हणून.”

“मग?”

“थांबा, सांगते.” मी थांबलो. “मला इथंच बरं वाटतं, सर. इथं कुणी घाई करत नाही.”

हाताला धरून नेले असते तर तीही एक प्रकारची घाईच झाली असती. मी आत गेलो, दुसरे फडके शोधले, आणि घंटा होईपर्यंत आम्ही दोघांनी नकाशे झटकले. पलीकडच्या वर्गातून प्रश्न आणि उत्तरे ऐकू येत होती, कुठेही खंड नव्हता.

ती रोज शाळेत येते. फक्त पाहुण्यांच्या दिवशी वर्गात बसत नाही. दादूचेही असेच सुरू झाले होते ना? पुढचा पाहुण्यांचा दिवस महिनाअखेरीस आहे.

म्हणून एक काम सांगतो. दादूला विचारशील का? त्या दिवसानंतर कुणी काय म्हटले असते, काय केले असते, म्हणजे तो परत जाऊन बसला असता? मला त्याचे कुठे लिहायचे नाही. त्याला पटवू नकोस, शब्द सुचवू नकोस. इस्त्री बाजूला ठेवून तो सावकाश सांगेल तेवढे ऐक. “माहीत नाही” म्हणाला, तर तेच कळव. “मामालाच येऊन विचारू दे” म्हणाला, तर मी पहिल्या गाडीने निघतो.

इतकी वर्षे त्याची गोष्ट सगळ्यांना सांगत आलेला, आणि त्याला एकदाही काही न विचारलेला,

त्याचा मामा